टायरला कंबर नसते

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

टायर शिवता येतो का?

मला याचं उत्तर देता येत नाही. दुकानदाराचा तराजू किती खोटं बोलतो ते मी पाहताक्षणी सांगते, आमच्या वजनमापे खात्यात पगार त्याचाच मिळतो. पण इथे माझी पदवी काही कामाची नाही. म्हणून सोबत टायरच पाठवते आहे. पार्सल उघडून दचकू नकोस.

मी इथल्या रविवारच्या सायकलमंडळात जाते, हे तुला माहीत आहे. आम्ही चौघं. एक निवृत्त पोस्टमास्तर, त्यांना सगळे नुसतं मास्तर म्हणतात. एक दातांचे डॉक्टर, एक बेकरीवाल्या काकू, आणि मी. मास्तरांनी मला त्यांची जुनी शर्यतीची सायकल वापरायला दिली आहे. तिला ट्युब्युलर टायर असतात. म्हणजे ट्यूब टायरच्या पोटात घालून टायर खालून शिवून टाकायचा, उशीच्या अभ्र्यासारखा. शिवणीवर पट्टी चिकटवायची आणि मग अख्खा टायर चाकाला गोंदाने चिकटवायचा. पंक्चर झालं की हे सगळं उलटं करत जायचं.

परवाच्या रविवारी ते झालं. शहरापासून लांब, पुलावर.

डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे जादा ट्यूब आहे. आत्ता बदलतो."

"यात ट्यूब बदलत नाहीत," मास्तर म्हणाले.

"मग काय बदलतात?"

"टायर."

"मग काढा टायर."

"निघत नाही. चिकटवलाय."

"चांगला चिकटवलाय की वाईट?"

"उत्तम चिकटवलाय! मी स्वतः."

"म्हणजे आपण मेलो."

काकू म्हणाल्या, "मी भट्टीत पाव ठेवून आलेय. तुमचं मिटलं की हाक मारा." त्यांची सायकल दणकट आहे, तिला कधी काही होत नाही.

मास्तरांचे टायर पूर्वी एक जोडे शिवणारे गृहस्थ शिवून द्यायचे. ते आता मुलाकडे राहायला गेले. मास्तर म्हणतात, गेले आणि लगेच म्हातारे झाले. तर तू बघशील का? ठिगळ आणि ते लावायचं सोल्युशन आत ठेवलं आहे.

आता दुसरं, आणि महत्त्वाचं. बाबांनी मला सांगितलं की तुला समजावून लिही, तू शिकलेली आहेस, तुझं ती ऐकेल. आत्या, आता दुकान बंद कर. लोक तयार कपडे घेतात, तुझ्या डोळ्यांना ताण पडतो. जन्मभर कष्ट केल्यावर विश्रांती हा माणसाचा हक्क आहे असं मी मनापासून मानते. बाबांकडची माझी खोली रिकामीच आहे. तू सुई खाली ठेवावीस असं आम्हा सगळ्यांना वाटतं.

टायर शक्यतो पुढच्या रविवारच्या आत मिळाला तर बरं.

तुझी भाची


१२ फेब्रुवारी

चि. पदवीधर हिला आत्याचे आशीर्वाद, आणि थोडे टपलेही.

तुझं पत्र मी किल्लीवाल्याला वाचून दाखवलं. तोच, माझ्या भिंतीपलीकडे किल्ल्या कापतो तो. तो म्हणाला, "पोरगी एका पानावर सुई खाली ठेवायला सांगते आणि दुसऱ्या पानावर शिवण पाठवते, तीही घाईची." मी म्हटलं, शिकलेल्यांचं असंच असतं, त्यांना दोन्ही बाजू दिसतात.

टायर शिवला. गर्दी इतकी आहे की मान वर करायला फुरसत नाही, तरी तुझं काम म्हणून त्याच दुपारी बसले. आधी पट्टी सोडवली. मग शिवण पाहिली आणि मला शिवणाऱ्याची कीव आली. टाके कसे, तर कुणी बसच्या धक्क्यात घातल्यासारखे. मी भोक पडलं तेवढीच जागा उसवली, ट्यूब बाहेर काढली, ठिगळ लावलं, परत आत सारली आणि हाताने उलटसुलट टाके घातले. मशीनखाली जात नव्हता, घातला असता तर मशीन गेलं असतं. इस्त्रीकडेही हात गेला होता, पण किल्लीवाला ओरडला.

त्या जागी टायर जरा सैल वाटला, म्हणून आत घेतला. आता कसा अंगाबरोबर बसेल.

विश्रांतीचं म्हणशील, तर तुझ्या खोलीत उजेड येतो तो संध्याकाळी. दिवसभर मी तिथे काय करायचं? दादाला सांग, मी विचार करते आहे.

त्या जोडेवाल्यांचं वाचलं. मुलाकडे जाऊन लगेच म्हातारे झाले ते. तू ते वाक्य लिहिलंस आणि पुढच्या ओळीवर गेलीस.

आत्या


२१ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

टायर मिळाला. टाके पाहून मास्तर खुर्चीत बसले. म्हणाले, "हे चाकाला लावायचं की भिंतीवर?" मग लावला. आणि हवा भरली.

आत्या, टायरला कंबर नसते.

तू जिथे आत घेतलास तिथे तो बारीक झाला आहे. बाकी सगळा गुटगुटीत आणि एका जागी कंबर. चाक फिरलं की प्रत्येक फेरीला सायकल खाली बसते आणि वर येते. मी रस्त्याने जाताना सगळ्यांना मान डोलवून नमस्कार करत होते. दोघांनी परतही केला.

डॉक्टर हसून हसून सायकलवरून उतरले. "साधे टायर घ्या म्हणून मी बोंबलतोय तर ऐकत नाही. आता नाचा."

मास्तर म्हणाले, "साध्या टायरला सुख नाही. ट्युब्युलरवर बसलं की रस्ता मऊ होतो."

"तुमचा रस्ता तर कंबर हलवतोय."

काकू म्हणाल्या, "माझ्याकडचा एक पोळपाट लावा, तोसुद्धा याच्यापेक्षा सरळ जाईल."

मास्तरांच्या घरी कपड्यांच्या कपाटात टायर टांगलेले आहेत. कोट एका बाजूला, टायर एका बाजूला. अंधारात ठेवले की रबर मुरतं, मुरलेल्या टायरला पंक्चर कमी होतं, असं ट्युब्युलरवाले मानतात. त्यातली एक जोडी त्यांनी निवृत्तीनंतरच्या मोठ्या सफरीसाठी घेतली होती. सफर दरवर्षी पुढच्या वर्षावर जाते. मी विचारलं, अजून किती मुरायचे? ते म्हणाले, "होतील आता." डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "टायरचं माहीत नाही, मास्तर मात्र पूर्ण मुरलेत."

तुझ्याकडे एवढी गर्दी असताना मी तुला त्रास दिला, याची मला लाज वाटते. यापुढे एकही टायर पाठवणार नाही. तू विचार करते आहेस हे मी बाबांना फोनवर सांगितलं. ते फार खुश झाले, लगेच बाजारात गेले. कशाला ते सांगितलं नाही.

तुझी भाची


२७ फेब्रुवारी

चि. पदवीधर,

कपडा बसला नाही तर गिऱ्हाईक तो परत आणतं आणि शिंपी तो दुरुस्त करून देतो. ही या धंद्याची रीत आहे. जे बसलं नाही ते हसून घरी ठेवायचं, ही रीत तू कुठल्या कॉलेजात शिकलीस? तो टायर ताबडतोब पाठव. माझ्या हातून गेलेलं वाकडं काम गावभर मान डोलवत फिरतंय आणि मी इथे स्वस्थ बसू?

त्या मास्तरांचे आणखी फाटके असतील तर तेही पाठव. आणि दुसऱ्या गावचे ट्युब्युलरवाले असतील तर त्यांचेही.

गर्दीचं विचारशील तर काल दिवसभरात एक पँट आली. ती किल्लीवाल्याची. तीही खालून दुमडायची. ती त्याने मुद्दाम उसवून आणली होती, हे मला टाके पाहून कळलं. दुमडून दिली.

मी विचार करते आहे असं लिहिलं होतं ते खोटं. मी विचार करत नाही. दुकान उघडते आणि बसते.

हे दादाला सांगायचं नाही.

आत्या


६ मार्च

प्रिय आत्या,

चार टायर पाठवते आहे. एक कंबरवाला, तीन मास्तरांचे. मास्तरांनी जुन्या ओळखीच्या दोघातिघांना कळवलं आहे. ते म्हणतात, ट्युब्युलरवाले फाटका टायर टाकून देत नाहीत, शिवणारं कुणी भेटेल या आशेवर माळ्यावर ठेवून देतात.

मास्तरांचा निरोप: शिवताना टायरचं माप जसं आहे तसंच राहू द्यावं, सौंदर्याचा विचार करू नये.

बाबांना काही सांगितलं नाही. मला ते जड जातं. मी घरात खोटं बोलत नाही, हे तुला माहीत आहे. पण तुझं पत्र वाचल्यावर माझ्या पहिल्या पत्रात मी काय लिहिलं होतं ते आठवलं. ती पँटची गोष्ट डोक्यातून जात नाही.

तुझी भाची


२२ मार्च

चि. पदवीधर,

चारही तयार. कंबर काढली, मास्तरांना सांग. किल्लीवाल्याने मला एक वाकडी सुई करून दिली आहे, जुन्या किल्लीच्या दांडीत बसवून. आता दिवसभर इथेच असतो, म्हणतो धंदा मंद आहे. त्याच्या दुकानाबाहेर तीन माणसं ताटकळत उभी होती.

पट्टीचा गोंद वाळेपर्यंत टायर ट्रायलच्या खोलीत खुंट्यांवर टांगले होते. तेवढ्यात एक बाई ड्रेस घालून बघायला आत गेल्या आणि पडदा घेऊनच बाहेर आल्या.

"आत काहीतरी लोंबकळतंय!"

"टायर आहेत. गिऱ्हाइकाचे."

"कपड्यांच्या दुकानात टायर?"

"त्यांचंही माप घ्यावं लागतं, बाई."

त्याच वेळी दादा दारात. हातात टेप. मला वाटलं, माझ्याकडून काही शिवून घ्यायला आला, तर तो मशीन दारातून निघेल का ते मोजायला आला होता. टायर पाहून म्हणाला, "हे काय लावलंयस?"

"काम."

"तुला आरामाची गरज आहे आणि तू पंक्चर काढतेस?"

"पंक्चर नाही, शिवण."

मग तो स्टुलावर बसला. टेप गुंडाळत म्हणाला, "खोलीला रंग दिलाय."

"कुठला?"

"फिकट हिरवा. शांत आहे. तीन हात दिले."

जन्मभर दुसऱ्यांची घरं रंगवली या माणसाने. स्वतःच्या घरात एक भिंत कधी नीट रंगवली नाही, म्हणायचा वेळ मिळत नाही. आणि माझ्यासाठी तीन हात. मी म्हणणार होते की हा रंग दवाखान्याला देतात. पण त्याच्या नखात तो हिरवा अजून होता.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी टेम्पो आणणार आहे. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

आत्या


५ एप्रिल

प्रिय आत्या,

टायर सुंदर बसले. कुठे कंबर नाही. पण चाक फिरलं की प्रत्येक फेरीला एक आवाज येतो. टप. टप. टप. चारही टायरांना.

पुलाजवळ थांबून डॉक्टरांनी दात तपासतात तशी बोटं फिरवली आणि म्हणाले, "इथे गाठ आहे. आत काहीतरी आहे. काढावं लागेल." मास्तरांनी टायर त्यांच्या हातातून ओढून घेतला. घरी गेल्यावर आम्ही एक टायर उसवला. आत तुझ्या दुकानाचं लेबल, चारही बाजूंनी टीप मारलेलं.

आत्या, हे तू मुद्दाम केलंस की सवयीने?

डॉक्टर म्हणाले, "साध्या टायरला कंपनीचं नाव बाहेर असतं. तुमच्यात आत असतं वाटतं."

मास्तर म्हणाले, "राहू दे. चढावर श्वास मोजायला बरं पडतं." उरलेल्या तीन टायरांची लेबलं ते काढू देत नाहीत. काकूंनी विचारलं, "माझ्या सायकलला असा आवाज बसवून मिळेल का?"

आणि एक गोष्ट झाली. आवाजाने मास्तरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ती कपाटातली जोडी काढली. सफरीवाली. हवा भरली तर शिवण जागोजाग सुटली. रबर धड आहे, दोराच कुजला आहे. मास्तर टायर मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "तुझ्या आत्याला विचार, जमेल का. मे महिन्यात मी निघतो म्हणतोय." डॉक्टर काहीतरी बोलणार होते, पण काकूंनी त्यांच्या तोंडात पाव कोंबला.

जोडी पाठवते आहे. पूर्ण शिवण नवी घालावी लागेल. बाहेरगावचे आणखी टायर इथे येऊन पडले आहेत, ते नंतर पाठवते.

रविवारच्या टेम्पोचं वाचलं. बाबांनी मलाही बोलावलं आहे, सामान बांधायला. आणि तू रडलीस तर जवळ बसायला.

तुझी भाची


१६ एप्रिल

चि. पदवीधर,

लेबल सवयीने. दुकानातून बाहेर पडतं त्या प्रत्येक कपड्याला मी ते लावते, हाताला सांगावं लागत नाही.

मास्तरांची जोडी शिवली. कुजलेला दोरा सगळा ओढून काढला आणि बुटाचा दोरा मेण लावून घातला. लेबल मुद्दाम घातलं नाही, लांबच्या प्रवासात टपटप कशाला. माझ्याकडेही लोक कापड घेऊन येतात, म्हणतात ठेवा, सांगू कधी शिवायचं ते. मग ते घडीवर विरतं. मास्तरांना सांग, आता आणखी मुरवू नका. निघा.

बाकीचे टायर पाठवू नकोस. ही जोडी शेवटची.

मी दोन-तीनदा दादाला नाही म्हणायला फोन हातात घेतला. प्रत्येक वेळी तो आधीच सुरू करतो, "खोलीत पंखा बसवला," "खिडकीला जाळी लावली." ज्याने माझ्यासाठी एवढी खोली सजवली त्याला कसं सांगू की मला ती नको? तुला जमत असेल तर तू सांग. मला नाही जमत.

बटणं रंगांप्रमाणे डब्यांत भरते आहे. किल्लीवाला मदत करतो म्हणून येतो आणि सगळी एकत्र करून जातो. आता तिसऱ्यांदा निवडते आहे.

आत्या


एप्रिलचा शेवटचा रविवार, संध्याकाळ

प्रिय आत्या,

आज टेम्पो आला नाही, याचं तुला आश्चर्य वाटलं असेल. तो येणार नाही. टेम्पोवाल्याला मी काल सकाळीच नको म्हणून सांगितलं. सगळं सांगते.

काल मी घरी आले. काकूंच्या बेकरीच्या गाडीतून. पुढे काकू आणि मी, मागे पावांच्या ट्रेमध्ये टायर. बाहेरगावहून आलेले सगळे, शिवाय मास्तरांच्या कपाटातले उरलेले. मास्तर म्हणाले, "न्या. आता तिथे कोट नीट राहतील." काकू मदत करून परत गेल्या. बाबा घरी नव्हते, दोर आणायला गेले होते, तुझं सामान बांधायला.

मी हातोडी घेतली आणि माझ्या खोलीत खिळे ठोकले. त्या फिकट हिरव्या भिंतीत. आत्या, मला रडू येत होतं, कारण रंग खरंच सुरेख लावला आहे, कुठे फटकारा दिसत नाही. पण ठोकले. चारही भिंतींना. प्रत्येक खिळ्यावर टायर. खिडकीला जाड पडदा लावला.

बाबा आले. दारातच उभे राहिले.

"हे काय?"

"टायर मुरत ठेवलेत. अंधार लागतो, थंडावा लागतो. ही खोली छान आहे."

"ही आत्याची खोली आहे."

"आत्याला दुकान आहे."

"अगं, तूच लिहिलंस ना तिला? विश्रांतीचा हक्क आणि काय काय?"

"लिहिलं. बाबा, त्या अख्ख्या पत्रात मी तिला तिचं मत एकदाही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत?"

बाबा भिंतीजवळ गेले, खिळ्यापाशी उडालेला टवका बोटाने चाचपला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले तर ऐकायचं असं मी ठरवूनच ठेवलं होतं. ज्यांनी भिंती रंगवून मला शिकवलं त्यांच्याच भिंतीत मी खिळे ठोकले होते.

पण त्यांचा हात टायरवर गेला. तो तुझ्या हातचा होता, लेबलवाला. रंगाऱ्याची बोटं, त्यांना गाठ लगेच लागली.

"इथे आत काय आहे?"

"तिच्या दुकानाचं लेबल. ती सवयीने घालते. चाक फिरलं की आवाज येतो."

"टायरमध्ये?" बाबा म्हणाले. "वेडी आहे." मग खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता एकदा डोळे पुसले. म्हणाले, "लहानपणी माझ्या पतंगाच्या शेपटीलासुद्धा नाव घालून द्यायची. त्यानेच तो वर जायचा नाही."

उठताना म्हणाले, "टेम्पोवाल्याला काय सांगू?"

"मी सांगितलं."

"मग मला कशाला विचारतेस!" मी विचारलंच नव्हतं, पण हे मी बोलले नाही.

आज सकाळी त्यांनी मला एक पिशवी दिली. आत कामावरचा झगा आहे, रंगाचे डाग पडलेला, खिसा उसवलेला. म्हणाले, "सोमवारी उघडं असेल ना तिचं? टाकून दे पार्सलात. आणि तिला सांग, आत घेऊ नको म्हणावं. मला कंबर नको." कंबरेची गोष्ट मीच त्यांना सांगितली. त्याबद्दल रागावू नकोस.

मास्तर एक तारखेला निघतात. डॉक्टर त्यांना पुलापर्यंत सोडायला जाणार आहेत, जादा ट्यूब घेऊन, ती उपयोगाची नाही हे माहीत असून. झगा आणि पहिले तीन टायर या पत्राबरोबर निघाले आहेत. बाकीचे इथे टांगलेले आहेत, तुझा हात रिकामा होईल तसे बाबा बसने आणून देतील.

बटणं परत डब्यांतून काढ. खोली भरली आहे, आत्या. तुला इथे राहायला जागा नाही.

तुझी भाची